प्रवाहाखालच्या पेशी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२४

८ जानेवारी

विषय पक्का झाला. रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एन्डोथेलियल पेशींचं. रक्त त्यांच्या अंगावरून जन्मभर घासत जातं. या घासण्यामुळे त्यांच्यातली स्ट्रेस प्रथिनं वाढतात का, वाढलीच तर कुठली आणि किती वेळात, हे बघायचं.

माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच बैठकीत एक प्रश्न टाकला. कोलेस्टेरॉल सगळ्या रक्तात सारखंच असतं, मग धमनीत चरबीचे थर ठरावीक जागीच का बसतात? मानेतली कॅरोटिड जिथे दुभंगते तिथली बाहेरची भिंत, महाधमनीच्या कमानीची आतली बाजू, फांद्या फुटतात त्याच्या आसपास. सरळ धमनीत भिंतीवरचा घासण्याचा ताण साधारण १० ते ७० डाइन प्रति चौरस सेंटिमीटर असतो. या वाईट जागांवर तो ४ च्याही खाली जातो, वर प्रवाह पुढेमागे हेलकावतो. म्हणजे भिंतीला प्रवाह कळतो. पेशी तो कसा ओळखतात, यावर भरपूर काम झालंय. आमचा कोपरा लहान आहे.

नावाचीच पंचाईत. ‘हीट शॉक प्रोटीन’ला (एचएसपी) मराठीत ‘उष्माघात प्रथिनं’ म्हटलं तर एप्रिलमधल्या बातमीसारखं वाटतं. वहीत स्ट्रेस प्रथिनं असंच लिहिणार. खरं तर ही प्रथिनं म्हणजे पेशीतले दुरुस्ती कामगार. दुसऱ्या प्रथिनांची घडी विस्कटली की ती सावरतात. उष्णता हे घडी विस्कटण्याचं एक कारण झालं, एकमेव नव्हे.

१७ जानेवारी

एचएसपी६० वर वाचन. हे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, राहणारं प्रथिन. इन्सब्रुकच्या गेऑर्ग विक यांच्या गटाचं म्हणणं असं की ताणाखालच्या एन्डोथेलियल पेशी हे प्रथिन पृष्ठभागावर दाखवू लागतात आणि शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तिथे चाल करून जाते. कारण जिवाणूंकडेही याचं भावंड आहे. क्षयाच्या जंतूंच्या कुळातलं एचएसपी६५ आणि आपलं एचएसपी६० यांतली जवळपास निम्मी अमिनो आम्लं सारखी आहेत. १९९२ साली त्यांनी सशांना हे जिवाणूचं प्रथिन टोचलं, तेव्हा कोलेस्टेरॉल न वाढताही धमन्यांत बदल दिसले. २०००मध्ये त्याच गटाने दाखवलं की नुसत्या शिअरनेही, म्हणजे प्रवाहाच्या घासण्याच्या ताणानेही, एन्डोथेलियल पेशींत एचएसपी६० वाढतं.

ज्या देशात बहुतेकांना बीसीजी टोचलेली असते आणि क्षयाचा जंतू शेजारीपाजारीच असतो, तिथे बसून हे वाचताना जरा सरसावून बसायला होतं. पण माझ्या हातात सहा महिने आहेत, पूर्ण देश नाही.

यादी ठरली : एचएसपी६०, एचएसपी७०, एचएसपी२७ आणि हीम ऑक्सिजनेज-१ हे पेशीचा बचाव करणारं एन्झाइम.

२ फेब्रुवारी

एथिक्स कमिटीची मंजुरी महिन्यापूर्वीच आली होती. आज पहिली नाळ मिळाली, आईच्या लेखी संमतीसह. साधारण २२ सेंटिमीटर, चिमट्याच्या खुणा नसलेली. नाळेत दोन धमन्या आणि एक रुंद शीर. शिरेत कॅन्युला (बारीक नळी) घालून आतलं रक्त धुऊन काढलं, मग ०.१ टक्के कोलॅजिनेज (पेशी भिंतीपासून सोडवणारं एन्झाइम) भरून ३७ अंशांवर १२ मिनिटं. १९७३ साली जॅफ आणि सहकाऱ्यांनी घालून दिलेली ही वाट आजही जवळपास तशीच चालते. धुऊन आलेल्या पेशी जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमध्ये.

लॅबमधले काका बघत होते. म्हणाले, “आमच्याकडे नाळ पुरतात. तुम्ही फ्लास्कात वाढवता.”

७ फेब्रुवारी

फ्लास्क भरला. फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी. सीडी३१ आणि फॉन विलेब्रँड फॅक्टर, एन्डोथेलियल पेशींच्या या दोन्ही ओळखखुणा रंगल्या. दुसऱ्या ते चौथ्या पॅसेजपर्यंतच (भरलेल्या फ्लास्कमधून नव्या फ्लास्कात हलवणं म्हणजे एक पॅसेज) वापरायच्या, त्यापुढे त्या थकतात.

१२ फेब्रुवारी

फ्लो चेंबर भोसरीच्या वर्कशॉपमधून आला. दोन अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या, मध्ये सिलिकॉन गॅस्केट, खाली पेशी वाढवलेली काचपट्टी. टर्नरकाकांनी विचारलं, “यातून काय जाणार?” पाणीच समजा म्हटलं. ते म्हणाले, “मग गळणार.” गळालं.

हिशोब लिहून ठेवते. भिंतीवरचा ताण म्हणजे ६ गुणिले स्निग्धता गुणिले प्रवाह, भागिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग. रुंदी २ सेंटिमीटर, फटीची उंची ०.०२५ सेंटिमीटर, ३७ अंशांवर मीडियमची (पेशींच्या पोषक द्रवाची) स्निग्धता ०.००७५ पॉइज. १२ डाइन हवे असतील तर मिनिटाला २० मिलिलीटर. रेनॉल्ड्स अंक २२ च्या आसपास, म्हणजे प्रवाह शिस्तीत, थरावर थर.

१९ फेब्रुवारी

एक बुडबुडा. एकच. तासाभरात काचपट्टीवर मधोमध मोकळा पट्टा, कुणी झाडू मारल्यासारखा. हवेच्या बुडबुड्याची कड पेशींवरून सरकली की त्या सोलून निघतात. चेंबरच्या आधी उभी सिरिंज बसवली, बुडबुडे तिच्यात वर अडकतील. मीडियम रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून मगच भरायचं; गार मीडियम गरम होताना हवा सोडतं.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. सकाळभर शाळेची मुलं. एका मुलीने विचारलं, पेशींना पोहता येतं का. बरा प्रश्न होता, मी मात्र घाईत उत्तर दिलं.

दुपारी खरं काम. गॅस्केटवर लिहिलंय २५० मायक्रॉन. पण गळती थांबावी म्हणून मी स्क्रू पिळत होते, आणि सिलिकॉन दबतं. मायक्रोस्कोपचा फोकस आधी खालच्या काचेवर, मग वरच्या पाटीवर नेला. बारीक चाकावर फरक आला १५८ मायक्रॉन. मध्ये पाणी, म्हणून १.३३ ने गुणायचं : २१०. सूत्रात उंचीचा वर्ग आहे, त्यामुळे इतके दिवस १२ समजून मी पेशींना १७ डाइन देत होते. गॅस्केटच्या कडेने २५० मायक्रॉनची स्टीलची शिम (पातळ पट्टी) घातली. आता कितीही पिळा, फट तेवढीच राहते. आधीच्या चार रनवर वहीत लाल रेघ.

६ मार्च

पहिला निर्मळ रन. १२ डाइन, २४ तास. सुरुवातीला २ डाइन आणि तासाभरात हळूहळू वर, नाहीतर कच्च्या पेशी वाहून जातात. सकाळी चेंबर मायक्रोस्कोपखाली धरला आणि खुर्ची ओढून बसलेच. गोलसर पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने तोंड करून झोपल्या होत्या, नदीतलं गवत एका अंगाला पडावं तशा. पेशीच्या आतल्या सांगाड्याचे, अ‍ॅक्टिनचे धागेही त्याच दिशेने. पुस्तकातलं चित्र शेकडो वेळा पाहिलं होतं. आपल्या पट्टीवर पाहणं वेगळं.

१५ मार्च

एचएसपी७० चा ब्लॉट, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी. सगळ्या लेनमध्ये सारखीच जाड पट्टी, स्थिर काय आणि प्रवाह काय. दोन तास डोकं खाजवल्यावर सीनियर दादाने अँटीबॉडीची बाटली उलटून कागद वाचायला लावला. ही अँटीबॉडी एचएससी७० लाही धरते. ते सख्खं भावंड, पेशीत कायमच मुबलक. ताणाने वाढतं ते एचएसपी७० वेगळं, वजनात जेमतेम फरक. फक्त त्यालाच धरणारी अँटीबॉडी मागवली. कागद आधी वाचायचा असतो, हे मला माहीत होतं.

एका काचपट्टीवरून जेमतेम ५०–६० मायक्रोग्रॅम प्रथिन निघतं. ब्लॉट वाया घालवणं परवडणारं नाही.

२८ मार्च

आलं! आठ तासांच्या रनमध्ये एचएसपी७० नाही, सोळा तासांच्या रनमध्ये ठळक पट्टी. स्थिर पेशींत काही नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. ४२ अंशांवर अर्धा तास ठेवलेल्या पेशी शेवटच्या लेनमध्ये, त्यांची पट्टी अर्थातच सर्वांत गडद, पण आमचीही कमी नाही.

आई-बाबांना फोन केला. आईने विचारलं, “म्हणजे काय झालं?” सांगता आलं नाही, पण दोघी हसलो.

५ एप्रिल

विभागाच्या सेमिनारमध्ये मांडलं. गोष्ट सुबक होती : प्रवाह सुरू, पेशी आठ तास तग धरतात, मग ताण साठतो आणि एचएसपी७० वर येतं. टाळ्या. एका सरांनी विचारलं, स्थिर पेशी कुठे ठेवल्या होत्या? खालच्या इन्क्युबेटरमध्ये, मी म्हटलं, वरच्यात पंपामुळे जागा उरत नाही. सरांनी मान हलवली, होकारार्थी की कशी ते मला कळलं नाही.

९ एप्रिल

पाडवा. पेशींना सण नसतो. सकाळी मीडियम बदलून घरी श्रीखंडाला वेळेत पोचले.

१६ एप्रिल

सोळा तासांचा रन, एचएसपी७० गायब. एचएसपी६० नेहमीसारखं थोडं वर. अँटीबॉडी तीच, पेशी त्याच नाळेच्या, प्रवाह मोजलेला. पुन्हा जेल चालवलं. नाही.

१९ एप्रिल

पुन्हा केलं, आणि एचएसपी७० परत आलं. म्हणजे अँटीबॉडीचा दोष नाही. हे सर्वांत वाईट.

२२ एप्रिल

सगळे रन तारखांसह एका कागदावर मांडले. काय वेगळं होतं १५ तारखेच्या रात्री? पॅसेज, सीरमचा लॉट, ट्यूबिंग, सगळं तपासलं. उत्तर काकांनी दिलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं तर म्हणाले, त्या रात्री शेजारच्या गटाचं कॉन्फोकल मायक्रोस्कोपचं काम चालू होतं ना, म्हणून एसी रात्रभर ठेवला होता. एरवी वॉचमन आठ वाजता बंद करतो.

खुर्चीतच थंड पडले. आठ तासांचे सगळे रन दिवसाचे होते. सोळा तासांचे सगळे रात्रीचे.

२३ एप्रिल

चेंबरच्या तोंडाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून, पेशींशिवाय रात्रभर पंप चालवला. लॉगरवरचे आकडे :

रात्री ८ : ३७.२
रात्री १० : ३८.४
रात्री १ : ३९.८
पहाटे ४ : ४०.३
सकाळी ९.३० : ३७.४

आमचा इन्क्युबेटर गरम करू शकतो, गार करू शकत नाही. खोली त्याच्याहून पाचेक अंश थंड असेल तरच त्याला जास्तीची उष्णता बाहेर टाकता येते. एप्रिलमधली बंद खोली, आत दिवसरात्र तापणारी पंपाची मोटर, उष्णतेला जायला वाटच नाही. सकाळी सातला एसी लागतो, मी साडेनऊला येते, तोवर डिस्प्लेवर ३७. आणि अलार्म? तो लाइट गेली-आली की कोकलतो म्हणून जानेवारीत मीच बंद केला होता.

स्थिर पेशी दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये, पंपाशिवाय, ३७ अंशांवर सुखात होत्या. त्या सरांनी मान का हलवली ते आत्ता कळलं.

उष्णतेचं प्रथिन शोधायला निघाले आणि पेशींना रात्रभर ताप आणला.

२४ एप्रिल

मॅडमना सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यांनी दुसऱ्याच वाक्याला थांबवलं आणि रितोसाची गोष्ट सांगितली. साठच्या दशकाची सुरुवात, इटलीत फेरुचियो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं बघत होते. कुणा सहकाऱ्याने इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांना गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे दिसले. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि हीट शॉकचा विषयच तिथून उभा राहिला. ही प्रथिनं असतात हे कळायला आणखी बारा वर्षं गेली.

“त्यांनी तापमान का वाढलं ते शोधलं,” मॅडम म्हणाल्या, “तू पण शोधलंस. फक्त त्यांचा शोध नवा होता.”

विभागाला ईमेल पाठवला : ५ एप्रिलचा एचएसपी७० चा निष्कर्ष मागे घेत आहे, कारण सोबत. दोन ओळी लिहायला पाऊण तास लागला.

६ मे

मांडणी पूर्ण बदलली. पंप इन्क्युबेटरच्या बाहेर, नळ्या मागच्या भोकातून आत. आत वर एक बाटली, खाली एक बाटली. पंप फक्त मीडियम वर चढवतो, चेंबरमधून ते स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, वरच्या बाटलीत जास्त झालेलं ओव्हरफ्लोने परत. गच्चीवरच्या टाकीचंच तत्त्व. फायदा दुहेरी : मोटरची उष्णता गेली आणि पंपाचे हिसकेही. आधीचा प्रवाह सरासरीने १२ होता, पण रोलरगणिक धक्के होते.

नवा त्रास असा की बाहेरच्या नळीत मीडियम गार होतं. आत आल्यावर दीड मीटर नळीचं वेटोळं घातलं, मग चेंबर. थर्मोकपल कायमचा लावला. अलार्म चालू केला.

१३ मे

मतदान. संध्याकाळी येऊन पेशी लावल्या, शाई लागलेलं बोट ग्लोव्हजमध्ये.

२४ मे

आता एकाच पेशींचे चार गट, एकाच दिवशी : स्थिर ३७, प्रवाह ३७, स्थिर ४०, प्रवाह ४०. चाळीसच्या गटांना त्या रात्रीचाच चढउतार दिला. ४० अंशांवर मीडियम पातळ होतं, ताण पाचेक टक्क्यांनी घटतो, तेवढा प्रवाह वाढवून घेतला. स्थिर गटांचं मीडियमही प्रवाहाच्या गटांबरोबरच बदललं, कारण ताज्या सीरमनेही एचएसपी७० हलू शकतं.

तीन नाळा, तीन ब्लॉट. एचएसपी७० तापमानाच्या मागे जातं, प्रवाह असो वा नसो. ३७ वर प्रवाह दिला तर पट्टी दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. हीम ऑक्सिजनेज-१ उलट वागतं : ३७ वर नुसत्या प्रवाहानेच ठळक वर. हे अपेक्षित होतं, शिस्तीच्या प्रवाहाने एनआरएफ२ हा जनुकं चालू करणारा घटक जागा होतो आणि हे जनुक त्याच्याच हुकमातलं. पेशीचा बचाव करणारं एन्झाइम आहे हे, संकटाची आरोळी नव्हे.

एचएसपी६० प्रवाहाने वाढतं, तिन्ही नाळांत, पण एका नाळेत इतकं कमी की मी एकटीने पाहिलं असतं तर ‘वाढलं’ म्हटलं नसतं. दादाला लेनची नावं झाकून पाहायला दिलं. त्यानेही त्याच लेनकडे बोट दाखवलं.

३ जून

एचएसपी२७. याचं एकूण प्रमाण नाही, त्यावर फॉस्फेट चढतो का ते बघायचं. प्रवाह सुरू करून ५, १०, ३० मिनिटांनी पेशी फोडल्या. दहा मिनिटांत फॉस्फेटवाली पट्टी वर. पी३८ (हा फॉस्फेट चढवण्याच्या साखळीतलं एन्झाइम) रोखणारं औषध आधी दिलं तर नाही. हे प्रथिन अ‍ॅक्टिनच्या धाग्यांची राखण करतं, आणि पेशीला दिशा बदलायची तर आधी तेच धागे सोडवून पुन्हा विणायचे असतात. तापमानाचा संशय घ्यायला दहा मिनिटांत वाव नाही, तरी थर्मोकपलचा आलेख ब्लॉटशेजारी चिकटवला आहे. सवय लागली.

११ जून

पाऊस लागला, खोली २७ वर. इन्क्युबेटरही शांत.

एक गोष्ट आठवडाभर डोक्यात आहे. मी ‘स्थिर’ गटाला कंट्रोल म्हणत आले, म्हणजे सामान्य, आणि प्रवाह म्हणजे त्यावर लादलेला ताण. पण शरीरात एन्डोथेलियल पेशीला स्थिर रक्त भेटतं कधी? गुठळी झाली की. फ्लास्कमधलं स्तब्ध डबकं हीच तिच्यासाठी विचित्र अवस्था. आम्ही तिला आठवडाभर डबक्यात वाढवतो आणि मग एका तासात नदीत सोडतो. एचएसपी६० वाढतं ते प्रवाहामुळे, की प्रवाह बदलल्यामुळे? दोन्ही एकच वाटतात, पण धमनीच्या दृष्टीने अजिबात एक नाहीत. कॅरोटिडच्या त्या वाईट कोपऱ्यात प्रवाह दर ठोक्याला दिशा बदलतो.

शिवाय माझ्या पेशी नाळेतल्या शिरेच्या. मॅडम म्हणतात, ही शीर बाळाकडे प्राणवायूचं रक्त नेते, सरसकट शीर म्हणून तिला हिणवू नकोस. मान्य, पण ती धमनी नव्हे हेही प्रबंधात स्पष्ट लिहिणार.

१७ जून

नवा रन ठरला. पेशींना आधी ४८ तास १२ डाइनवर मुरवायचं. मग तीन वाटा : १२ तसाच चालू, १२ वरून ३, आणि ३ सह पुढेमागे हेलकावा. हेलकाव्यासाठी टर्नरकाकांकडून क्रँक करून घेतला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त पेशी बघायला येतो म्हणाले.

दुपारी चारला मुरवणं सुरू केलं. रात्री अकराला घरून लॉगर बघितला, ३७.१. वॉचमनचा फोनही आला, “मॅडम, एसी बंद करू ना?” करा म्हटलं.